कर्ता कोण?

गेल्या तीन जानेवारीला वर्गात सावित्रीबाईंचा विषय निघाला. शिकवण्याचे धडे त्यांनी आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मिस फरार यांच्याकडे घेतले, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. फरारबाईंच्या अमेरिकन मिशनने इथे १८३१ साली ठाणे मांडले होते.

“त्यांच्या शाळा आणखी कुठे होत्या, गुरुजी?” एका मुलीने विचारले.

“पुष्कळ ठिकाणी. तुर्कस्तानातल्या आर्मेनियन लोकांतही होत्या.”

आणि बोलण्याच्या ओघात मी त्या लोकांत जाऊन पोचलो. इसवी सन ४०५च्या सुमारास मेस्रोप मश्तोत्स या साधूने आपल्या भाषेसाठी छत्तीस अक्षरे घडवली. पुढे राज्ये गेली, अक्षरे राहिली. त्यांचे जगातले पहिले नियतकालिक निघाले १७९४ साली, आणि तेही आपल्या मद्रासेत! मुले हरखून गेली.

मग १९१५ साल सांगणे आलेच. ऑटोमन साम्राज्यातल्या लाखो आर्मेनियनांना घरांतून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलले. कित्येकांची कत्तल झाली, कित्येक भुकेने वाटेतच मेले. याच मिशनच्या खारपूतच्या कॉलेजातले आर्मेनियन प्राध्यापकही मारले गेले.

“कोणी मारले?” पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

“तुर्कांनी,” मी सहज बोलून गेलो.

“म्हणजे मुसलमानांनी?”

मी मान हलवली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा खाली वहीत पाहू लागला. त्याचे वडील आमच्याच बाजारात भाजी विकतात. तुर्कस्तान त्याने पाहिला असेल तर नकाशातच.

त्या रात्री झोप लागेना. असले दुःख मुलांना सांगूच नये का? पण न सांगणे म्हणजे मेलेल्यांना दुसऱ्यांदा पुरणे. तुर्कस्तानचे सरकार तर त्याला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही. मग सांगायचे कसे? मी व्याकरणही शिकवतो. ‘मारले गेले’ म्हटले की मारणारा सुटतो, आणि ‘तुर्कांनी मारले’ म्हटले की न मारणाराही अडकतो. चूक माझ्या वाक्यातल्या कर्त्यात होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिले: ‘त्या वेळच्या सरकारने हुकूम काढला. तलत पाशा त्याचे गृहमंत्री होते. ज्यांनी तो हुकूम अमलात आणला, त्यांनी मारले.’ खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘हलबचे गव्हर्नर जलाल बे यांनी तो मानला नाही.’ जलाल बे तुर्क होते आणि मुसलमानही होते. त्यांना हलबहून हलवले. पुढे कोन्यालाही त्यांनी जमेल तितके लोक वाचवले, आणि तीही जागा गेली. “काल मी चुकीचे सांगितले,” असे मी वर्गाला म्हणालो.

त्या मुलाने मान वर केली की नाही, मला ठाऊक नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. खरे सांगायचे तर त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला नव्हते.

दिवाळीला घरोघर माणसे जमतात. फराळाच्या ताटाशी गावच्या गोष्टी निघतात, आणि कोणीतरी सहज म्हणून जातो, “अहो, ती जातच तशी.” मुले तिथेच चकली खात बसलेली असतात आणि ऐकत असतात. तेव्हा आपण वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे: या वाक्याचा कर्ता कोण?