एफोद छावणीतच होता

हे मनन सावकाश वाचा. पवित्र शास्त्र जवळ घ्या आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे 27 आणि 30 हे अध्याय उघडून ठेवा.

आधी 27व्या अध्यायाच्या आरंभी थांबा. दावीद थकला आहे. राजा शौल त्याची पाठ सोडत नाही. दावीद मनाशी म्हणतो, एक ना एक दिवस मी शौलाच्या हातून मरणार, त्यापेक्षा पलिष्ट्यांच्या मुलखात गेलेले बरे. यात मोठे पाप कुठे दिसत नाही. थकलेल्या माणसाचा हिशेब आहे आणि तो पटतोही. पण तो फक्त मनाशी बोलला. याआधी कईला नगरात असताना याच दाविदाने अब्याथार याजकाला एफोद, म्हणजे देवाला विचारताना वापरायचे याजकाचे वस्त्र, आणायला सांगून परमेश्वराला एकेक गोष्ट विचारली होती: शौल येईल का? हे लोक मला धरून देतील का? या वेळी काही विचारल्याची नोंद नाही.

आता स्वतःकडे वळा. मोठे पतन शोधत बसू नका. देवाला न विचारता केलेला पहिला निर्णय आठवतो का? घरातल्या आजारपणात होता? मंडळीत कोणी दुखावले तेव्हा? की नोकरीच्या धावपळीत, सकाळची प्रार्थना उद्यावर गेली त्या दिवसांत? आठवायला वेळ लागेल. लागू द्या.

दावीद पलिष्ट्यांच्या देशात एक वर्ष चार महिने राहिला. गथचा राजा आखीश याने त्याला सिकलाग हे गाव दिले. शौलाने पाठलाग थांबवला. सगळे सुरळीत दिसत होते. आत मात्र दावीद वस्त्या लुटत होता, कोणी चुगली करायला उरू नये म्हणून स्त्रीपुरुषांना मारत होता आणि यहूदाच्या दक्षिणेवर स्वारी केली असे राजाला खोटेच सांगत होता. 27व्या अध्यायात देवाचे नाव एकदाही येत नाही. मला हा अध्याय म्हणूनच फार बोचतो. घसरण पुष्कळदा सोयीची असते. पाठलाग थांबतो, पोट भरते, आणि काही हरवले आहे हे ध्यानातच येत नाही.

आता 30वा अध्याय. दावीद माणसांसह परत येतो तो सिकलाग जळालेले. अमालेक्यांनी बायकामुले धरून नेली आहेत. रडायचे त्राण उरत नाही इतके सगळे रडतात. इथून लगेच पुढे जाऊ नका. तुमचेही काही जळाले असेल तर त्यासाठी रडा. देवासमोर ते वावगे नाही.

मग त्याचीच माणसे त्याला दगडमार करायचे बोलू लागतात, आणि दावीद आपल्या परमेश्वराच्या ठायी बळ धरतो. कसे, ते शास्त्र सांगत नाही. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे; सांगितले असते तर आपण त्याची रीत बनवली असती. लगेच पुढे तो अब्याथाराकडे एफोद मागतो.

एफोद कुठून आला? शौलाने नोब येथे केलेल्या याजकांच्या कत्तलीतून निसटलेला अब्याथार तो घेऊन दाविदाकडे आला होता आणि दाविदाने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले होते. तो दूर गेल्याचे कुठेच म्हटलेले नाही. म्हणजे खोटेपणाच्या त्या सोळा महिन्यांतही याजक आणि एफोद छावणीतच होते. कमी होते ते विचारणे. तुमच्याजवळ काय आहे ते पाहा: कपाटातले शास्त्र, आईचे जुने गीतांचे पुस्तक, मंडळीत दर रविवारी मांडले जाणारे प्रभूचे मेज.

दावीद सोळा महिन्यांची सफाई देत नाही. पाठलाग करू का, त्यांना गाठीन का, एवढेच विचारतो. उत्तर येते: जा, तू सगळे सोडवून आणशील. पश्चात्ताप हवाच, आणि पुढे दाविदाला तो फार मोठ्या अपराधासाठी करावा लागला. इथे मात्र त्याचे वळणे विचारण्यातूनच दिसते.

वाटेत धन्याने टाकून दिलेला एक आजारी मिसरी दास सापडतो. इतक्या घाईतही ते त्याला भाकर, पाणी, अंजीर, मनुका देतात, आणि तोच वाट दाखवतो.

बायकामुले आणि लूट, सारे परत मिळते. पण दाविदाने त्या वस्त्यांत ज्यांना मारले ते परत आले नाहीत. आपल्या दूर असण्याच्या काळात ज्यांना झळ लागली, त्यांची नावे इथे देवापुढे घ्या. ज्यांच्याकडे जाता येईल त्यांच्याकडे जा.

शेवटी बसोर ओढ्यापाशी या. सहाशेंपैकी दोनशे माणसे इतकी दमली होती की ओढा ओलांडू शकली नाहीत; सामानाजवळ थांबली. परतताना दावीद आधी त्यांची विचारपूस करतो. काहीजण त्यांना वाटा द्यायला तयार नसतात, तेव्हा लढणाऱ्याला आणि सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा, असा नियम तो घालून देतो. तुम्हाला आज पाठलागाचे बळ नसेल, तर या दोनशेंमध्ये बसा आणि तेवढेच देवाला सांगा.