घास आणि काटा

कोकणातील एखाद्या घराच्या मागील दारी बांगडे साफ होऊ लागले, की घरचे कुत्रे न बोलावता तेथे येऊन बसते. ते भुंकत नाही, झडप घालत नाही. विळीवरून सरकणाऱ्या हाताकडे नुसते पाहत राहते. थोड्या वेळाने एखादे डोके किंवा शेपटीचा तुकडा त्याच्यापुढे पडतो आणि क्षणार्धात नाहीसा होतो. देणाऱ्याला दिल्याचे समाधान लाभते, घेणाऱ्याची शेपटी हलते, आणि व्यवहार संपतो. या व्यवहारात तत्त्वचिंतनाला जागा कोठे आहे, असे कोणीही विचारील. परंतु त्या तुकड्यात एक काटा असतो. तो घशात अडकला, तर दोष कोणाचा? भुकेचा, प्रेमाचा, की न पाहता दिलेल्या हाताचा? हा प्रश्न एकदा मनात आला, की तो केवळ कुत्र्यापुरता उरत नाही. ज्याचे अन्न सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती आहे, त्याचे त्या हाताशी नेमके नाते काय, याच्याशी तो येऊन पोहोचतो.

रानातल्या प्राण्याचे अन्न त्याच्या निवडीचे असते. ती निवड चुकते, तेव्हा त्याचे फळ तोच भोगतो आणि त्यात दुसऱ्या कोणाचा अपराध नसतो. पाळीव कुत्र्याची स्थिती निराळी आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि एक लहान कुत्रे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पिलाच्या दातांवर दीर्घ आजाराच्या खुणा दिसून आल्या. कोणी तरी सांभाळल्याशिवाय ते तेवढे दिवस जगते ना, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. शिकारीला निरुपयोगी असलेल्या आजारी पिलाला त्या माणसांनी काय भरवले, हे आज कोणी सांगू शकत नाही. भरवले, एवढे मात्र हाडे सांगतात. पुढे माणूस शेती करू लागला आणि कुत्राही बदलला. लांडग्याच्या मानाने कुत्र्याला पिष्टमय अन्न अधिक सुलभतेने पचते आणि त्याच्या जनुकांत तसा फरक झाला आहे, हे २०१३ साली दाखवून देण्यात आले. म्हणजे माणसाच्या चुलीने या प्राण्याचे पोटही घडवले आहे. ज्याची भूकच आपल्या घरात घडली, त्याच्या भुकेविषयी ‘त्याचे त्याने पाहावे’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाने केव्हाच गमावलेला आहे.

माशाच्या बाबतीत ही जबाबदारी विशेष स्पष्ट होते. कारण मासा हे अन्न चांगलेही आहे आणि फसवेही. त्यातील प्रथिने उत्तम असतात, त्याचे तेल कातडीला व सांध्यांना हितकर मानले जाते, आणि इतर मांस न सोसणाऱ्या काही कुत्र्यांना मासा सोसतो. परंतु हेच अन्न अजाणता दिले, तर घातक ठरते. शिजवलेला काटा ठिसूळ होतो आणि घशात रुततो किंवा आतड्याला भोक पाडतो. कालवणातील तुकडा माणसाला रुचकर लागतो. पण त्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करू शकतात. खाऱ्या माशातील मीठ त्याला बाधते. जाळ्यातून वाळूवर फेकून दिलेला केंड तर शिजवूनही निर्विष होत नाही. म्हणून जाणते लोक साधा मार्ग सांगतात: ताजा मासा मीठमसाल्याशिवाय उकडावा, काटे बोटांनी चाचपून काढावेत, प्रथम थोडाच द्यावा, आणि मासा म्हणजेच संपूर्ण आहार असे मानू नये. मार्ग साधा आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि नीतीचा प्रश्न बहुधा या वेळेपाशीच उभा राहतो.

यावर एक सहज आक्षेप येतो. किनाऱ्यावरची कुत्री पूर्वापार डोकी आणि काटे खातच आली आहेत. कामचाटका प्रदेशात स्लेज ओढणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सुकवलेल्या माशांवर जगली. मग हा नवा नाजूकपणा कशासाठी? आक्षेपाला वजन आहे, परंतु त्यात दोन गोष्टी निसटतात. पहिली अशी, की जी कुत्री जगली तीच दिसतात. जी चार दिवस अन्न टाकून कुंपणाकडेला निपचित पडली, त्यांची साक्ष कोणी घेतलेली नसते. दुसरी अशी, की ज्यांना परंपरा म्हटले जाते त्या चालीरीतींतही ज्ञान साठवलेले असते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सामन माशात एक सूक्ष्म कृमी असतो आणि त्या कृमीत एक रोगजंतू. असा कच्चा मासा खाल्लेले कुत्रे काही दिवसांत ज्वराने खंगते आणि उपचार न झाल्यास बहुधा मरते. माणसाला तो रोग होत नाही. एकाच नदीचा एकच मासा एकाला पोषक आणि दुसऱ्याला मारक ठरावा, हे केवळ स्वतःच्या जिभेवर विसंबणाऱ्याला कधीच कळणार नाही. मासा नीट शिजवला किंवा पुरेसा काळ गोठवला, तर हा धोका टळतो.

१९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या कोल्हेपालन केंद्रावर कोल्ह्यांना पक्षाघात होऊ लागला. त्यांच्या आहारात कच्चा कार्प मासा होता. पोट भरत होते आणि तरीही शरीर उपाशी राहत होते. पुढील संशोधनात कारण उलगडले: काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा एक घटक असतो आणि उष्णतेने तो निष्क्रिय होतो. या रोगाला ‘चॅस्टेक पक्षाघात’ हे नाव मिळाले. ज्याने अन्न दिले त्याचेच नाव रोगाला लागावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता आणि त्या काळी ते ज्ञानही उपलब्ध नव्हते. म्हणून त्याला अपराधी म्हणता येत नाही. पण ज्ञान उपलब्ध झाल्यावर निरागसतेची सीमा सरकते. काल जी चूक होती, ती आज हयगय ठरते. अज्ञान क्षम्य असते ते जाणण्याची शक्यता नसेपर्यंत. त्यानंतर न जाणणे ही देखील एक कृती होते.

महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत या संदर्भात एक चित्र कायमचे कोरलेले आहे. ज्यांची पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबातही समाविष्ट आहेत, त्या नामदेवांच्या पुढ्यातील भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याने खाऊ नये म्हणून. या कथेचा अर्थ सर्वांभूती परमेश्वर पाहण्याची दृष्टी असा सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक धागा आहे. चोराला क्षमा करून नामदेव थांबत नाहीत. त्या भाकरीला काय कमी आहे, याचा विचार ते खाणाऱ्याच्या बाजूने करतात. आज एखादा पशुवैद्य म्हणेल, की फार तूप कुत्र्याला मानवत नाही. त्याने कथेला उणेपणा येत नाही. त्या धावण्याचा आशय तुपात नसून ‘याला काय हवे?’ या प्रश्नात आहे. आणि हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला उत्तरही प्रामाणिकपणे शोधावे लागते. प्रेम माणसाला कुत्र्यामागे धावायला लावते. वाटीत काय असावे, हे मात्र ज्ञानालाच विचारावे लागते.

पाश्चात्त्य नीतिविचारात या प्रश्नाची दोन टोके दिसतात. कांटच्या मते पशूंविषयीची कर्तव्ये ही वस्तुतः माणुसकीविषयीचीच अप्रत्यक्ष कर्तव्ये होत. कुत्र्याशी निर्दयपणे वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून ते टाळावे. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कसोटी बदलली: पशू विचार करतो का, बोलतो का, हे गौण, त्याला वेदना होते का, हे प्रमुख. काट्याच्या संदर्भात बेंथमची कसोटी अधिक जवळची वाटते, कारण घशातील काटा देणाऱ्याच्या हेतूची चौकशी करीत नाही. तथापि कांटचे म्हणणे सर्वस्वी सोडून देता येत नाही. आपल्यावर पूर्ण विसंबलेल्या जीवाला निष्काळजीपणे वाढणारा हात लहान मुलाला, आजाऱ्याला, वृद्धाला वाढताना एकाएकी सावध होईल, याची खात्री कोण देईल?

भारतात या प्रश्नाचा एक कठोर ऊहापोह १९२६ साली झाला. अहमदाबादेतील एका गिरणीच्या आवारात साठ मोकाट कुत्री मारण्यात आली, तेव्हा उठलेल्या वादात गांधीजींनी ‘यंग इंडिया’मध्ये लेखमाला लिहिली. त्यांच्या काही मतांवर अहिंसावादी वाचक संतापले. त्या लेखांतील एक मुद्दा मात्र आजही टोचतो: वाटेवरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य जोडणे ही स्वस्त दया आहे, कुत्रा ठेवायचा असेल, तर त्याचे उत्तरदायित्व घेऊन ठेवावा. वैश्वदेवातील बलीमध्ये कुत्र्याचा वाटा प्राचीन काळापासून सांगितलेला आहे, आणि तो अन्न उरल्यावर नव्हे, तर स्वतः जेवण्याआधी काढून ठेवायचा असतो. उष्टे आणि घास यांतील भेद येथे आहे. उष्टे म्हणजे स्वतःला नको असलेले दुसऱ्याच्या दिशेने सरकवणे. घास म्हणजे दुसऱ्याला हवे ते मुद्दाम बाजूला काढणे. माशाचे काटे ताटातून अंगणात फेकणारा कुत्र्याला काही देत नाही. तो आपले ताट स्वच्छ करतो.

आणि मासा? या सगळ्या विचारात त्याचे प्राण गेलेलेच असतात. एका मुक्या जीवावरील माया दुसऱ्या मुक्या जीवाच्या मरणावर पोसली जाते, ही विसंगती शाकाहारी घरात तीव्रतेने जाणवते. कुत्रा मांजराप्रमाणे केवळ मांसावर अवलंबून नाही. काळजीपूर्वक जुळवलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. तेव्हा एखाद्या घराने मासा न देण्याचा निर्णय घेतला, तर तो अन्याय म्हणता येणार नाही. पण नुसत्या दूधभातावर त्याला अशक्त होऊ देणे आणि त्याला अहिंसा म्हणणे हा मात्र अन्याय आहे. व्रत घेणाऱ्याचे असते. त्याची किंमत व्रत न घेतलेल्याने मोजू नये. आणि जेथे मासा दिला जातो, तेथे एका जीवाच्या बदल्यात आलेले ते अन्न नासवून, कुजवून, दुसऱ्या जीवाला अपाय होईल असे देणे म्हणजे दोन्ही जीवांचा अवमान होय. विसंगती संपत नाही. निदान ती ओळखून, गरजेपुरते आणि जपून घेण्याची मर्यादा तिच्यातून निपजते.

जपानमधील मिनामाता येथील मच्छीमार वस्त्यांत १९५० नंतरच्या वर्षांत मांजरे विचित्र झटके येऊन नाचल्यासारखी कोलमडू व मरू लागली. १९५६ साली त्या रोगाची माणसांत अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत साठत होता, आणि तोच मासा मांजराच्या पुढ्यात व माणसाच्या पानात होता. १९५९ साली कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला देऊन पाहिले. त्याला तोच रोग जडला, आणि तो निष्कर्ष दडपला गेला. मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांत पारा अधिक साठतो आणि लहान माशांत कमी, हे आज सर्वज्ञात आहे. कुत्र्यासाठी मोरी टाळून बांगडा निवडणारा माणूस नकळत आपल्याही पानाचा विचार करीत असतो. मुक्या प्राण्याच्या पुढ्यात काय आहे, हे पाहणे ही केवळ दया नाही. एकाच पाण्यावर जगणाऱ्यांनी एकमेकांची घेतलेली ती खबर आहे.

बंगालमध्ये इलिश आणि कोकणात तारली खाणारे मूल काटा ओळखायला आपोआप शिकत नाही. आधी आई आपल्या बोटांनी काटे काढून त्याच्या तोंडात घास घालते. चारपाच वर्षांनी त्याची जीभ जाणती होते आणि आईचा हात बाजूला सरतो. कुत्र्याच्या आयुष्यात ते पाचवे वर्ष कधीच येत नाही. तो चावून पाहत नाही, थुंकत नाही, संशय घेत नाही. हात ओळखीचा असला की गिळतो. महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याखेरीज स्वर्गात पाऊल टाकणे नाकारले, तेव्हा निष्ठेने मागे आलेल्याला न टाकणे हा धर्म त्याने श्रेष्ठ मानला. असा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मागील दारी बसलेल्या कुत्र्यासाठी उकडलेल्या बांगड्याचा तुकडा दोन बोटांत धरून त्यात काटा राहिला आहे का, हे पुन्हा एकदा चाचपून पाहणे मात्र कोणालाही शक्य आहे. तेवढा वेळ कुत्रे थांबते.