धूर दिसतोय तोवर

बसा आधी. खालीच बसा, मांडी घालून, रिमोटवर पळणाऱ्या, खऱ्या इंजिनाच्या त्या छोट्या ट्रकच्या शेजारी. डिसेंबरातली पुण्याची सकाळ आहे, सात वाजलेत, हवा गार आणि जड. मैदानावर क्रिकेटवाली पोरं अजून आलेली नाहीत. टाकी रिकामी, इंजिन थंड. स्क्रू-ड्रायव्हर खिशातच राहू दे. हाताचं काम सगळ्यात शेवटी.

समोरचा ट्रक कुठलाही असो. टेक्सासच्या ट्रॅक्सास कंपनीचा टी-मॅक्स असेल, तर त्याच्या इंजिनावर बहुधा 3.3 हा आकडा दिसेल. म्हणजे 3.3 सीसी. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो; हा सिलिंडर त्याहूनही लहान. एवढासा जीव पूर्ण वेगात मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक भडका, म्हणजे सेकंदाला पाचशे. ही संख्या मनात धरून ठेवायचा प्रयत्न करा. धरता येत नाही. माझ्या डोक्यात तर वीसच्या पुढे नुसती घरघर उरते.

आता ग्लो प्लग काढा आणि अंगठ्यानं फ्लायव्हील फिरवा. सावकाश. पिस्टन वर सरकतोय. अगदी माथ्याशी पोचताना तो अडेल. अडू द्या. नवखा माणूस इथे घाबरतो, इंजिन जाम झालं म्हणतो. झालेलं काही नाही. आतली नळी पितळेची आहे, तिला आतून क्रोमचा मुलामा आहे, आणि ती मुद्दाम वरच्या बाजूला किंचित निमुळती ठेवलेली आहे. इंजिन तापलं की सगळ्यात जास्त वरचा भाग तापतो, फुलतो, आणि मग पिस्टनला नेमकी जागा मिळते. थंडपणी जे चुकलेलं वाटतंय, ते तापल्यावर बरोबर बसणार आहे. म्हणून इंजिन थंड असताना कार्बोरेटरच्या सुया, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारे स्क्रू, फिरवण्यात काही अर्थ नसतो. हे अडणं अंगठ्याला दोन-तीनदा कळू द्या, मग प्लग परत लावा.

बाटली उघडा, पण नाक दूर ठेवा. यात मुख्यतः मिथेनॉल आहे, ते विषारी. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून काडेपेटीही दूर. नायट्रोमिथेन असतं साधारण वीस टक्के. आणि शंभरात दहा-बारा भाग, कधी त्याहून जास्त, तेल. या तेलापाशी जरा थांबा. घरात कधीकाळी लूना किंवा जुनी चेतक असेल, तर पेट्रोल पंपावर तेल मोजून टाकणारा माणूस आठवेल. तोच हिशेब इथे. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नाही, पंप नाही. वंगण येतं ते इंधनाबरोबर. बराचसा गारवाही इंधनाबरोबरच येतो. मिथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, आणि ते लागतंही भरपूर: पेट्रोलच्या एका भागाला वजनानं पावणेपंधरा भाग हवा पुरते, मिथेनॉलच्या एका भागाला साडेसहाच्या आतच.

म्हणजे इंधनाची सुई आवळताना तुम्ही एकाच बोटानं तीन नळ बंद करत असता. एवढं एकदा स्वतःशी म्हणा. पुढे हात शिवशिवेल तेव्हा लागेल.

टाकी भरा आणि इंजिन सुरू करा. प्लगला दीड व्होल्टच्या आतबाहेरची बॅटरी लावली की आतली प्लॅटिनमची तार लाल होते, झटका देऊन इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. तार तरीही धगधगत राहते. भडक्याची उष्णता असतेच, शिवाय प्लॅटिनमला मिथेनॉलची वाफ लागली की तिथल्या तिथे ऊब निर्माण होते. ठिणगी नाही, तिची वेळ ठरवणारं काही नाही. एक तार आणि तिच्यावरून वाहणारा ओला वारा.

चालू द्या पाच मिनिटं. ट्रक हळू फिरवा, मध्येच थोडी रेस द्या, पुन्हा हळू. सायलेन्सरमधून धूर येतोय, निळसर पांढरा, दाट. आवाज घोगरा आहे, घशात कफ अडकल्यासारखा. म्हणजे मिश्रण रिच आहे, इंधन जास्त, हवा कमी. छान. सुरुवात नेहमी इथूनच करायची, आणि इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही.

आता स्क्रू-ड्रायव्हर. आधी वेगाची सुई, मंदगतीची नंतर. सुईच्या डोक्यावरची खाच घड्याळाच्या काट्यासारखी बघा. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. एका वेळी एकच तास फिरवा, बारावरून एकवर, बस. मग लगेच कान टवकारू नका. ट्रकला मैदानाच्या दोन लांब धावा घेऊ द्या. केलेल्या बदलाचा निकाल लागायला इंजिनाला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते: पहिल्या तासाचं उत्तर यायच्या आत दुसरा आणि तिसरा फिरवून मोकळे.

धाव ऐका. कफ थोडा सुटला. पिकअप बरा झाला. धूर पातळ झाला, पण मागे रेघ राहतेय. आणखी एक तास. पुन्हा दोन धावा. आवाज आता चढा, स्वच्छ, ताणलेला. अंगावर शहारा येतो. बरोबर इथे हात थांबवा आणि मनात काय चाललंय ते बघा. मन म्हणतंय, आणखी एक.

माझ्या टेबलावर पेनांच्या भांड्यात एक पितळी नळी आहे. आतून हात फिरवला तर उभे ओरखडे नखाला लागतात. एका रविवारी मी तो आणखी एक तास फिरवला होता. ट्रक असा पळाला की बघणारी दोन पोरं टाळ्या वाजवायला लागली. धूर नव्हता, पण तिकडे कोण बघतंय! तिसऱ्या धावेत सरळ रेषेत असतानाच त्याचा दम तुटला, इंधन संपल्यावर तुटतो तसा. टाकी अर्धी होती. मी मूर्खासारखं पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा पळवलं. प्लगची तार नंतर पाहिली, करडी आणि रखरखीत झालेली. दोष इंजिनाचा नव्हता, आणि दुकानदाराचाही नव्हता. ते इंजिन बिघडायच्या आधी जितकं गोड वाजलं, तितकं आयुष्यात कधी वाजलं नव्हतं. कानाला फसवणारी गोष्ट तीच. तंबोऱ्याची तार चढली तर खुंटी सैल करता येते. ओरखडा परत जात नाही.

म्हणून ज्या आवाजाला शहारा आला, तिथून सुई एक तास उलटी फिरवा. धूर परत आला? आवाजाची धार किंचित बोथट झाली? थोडं वाईट वाटेल. वाटू द्या, आणि त्या वाईट वाटण्यासकट ट्रकला एक धाव घेऊ द्या.

शंका असेल तर ट्रक जवळ घ्या आणि इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. घावन घालायच्या आधी तव्यावर शिंपडतो तसा. टेकताक्षणी चर्र करून उडाला, तर फार तापलंय. तीन-चार सेकंद उकळत राहून गेला, तर ठीक. तापमापकाची बंदूक असेल तर ती साधारण 95 ते 130 अंश सेल्सिअसच्या मध्ये काहीतरी दाखवेल. मला विचाराल तर आकडा तिसऱ्या क्रमांकाचा साक्षीदार. पहिला धूर, दुसरा आवाज.

आता मंदगतीची सुई, आणि आजच्या सकाळचा सगळ्यात शांत भाग. तापलेलं इंजिन आयडलिंगवर सोडा. कार्बोरेटरला येणारी इंधनाची नळी अगदी कार्बोरेटरजवळ दोन बोटांत धरा. श्वास घ्या. नळी चिमटा, आणि श्वास सोडायला लागा.

इंजिनाला आता आहे तेवढ्याच इंधनावर जगायचंय. त्याचा आवाज आधी वर चढेल, कारण मिश्रण क्षणाक्षणाला लीन होतंय. एक. दोन. आणि दोन-तीन सेकंदांत ते विझेल. चिमटताक्षणीच विझलं, तर त्याच्याकडे शिल्लक काहीच नव्हतं. सुई थोडी उघडा. बराच वेळ चढत राहिलं, तर पोटात गरजेपेक्षा जास्त साठलंय, थोडी आवळा. पुन्हा सुरू करा, पुन्हा चिमटा. हे चार-पाचदा करावं लागेल. घाई नाही, आपलाही श्वास तेवढ्यात लयीत येतो. आणि दर वेळी वेगळंच उत्तर मिळायला लागलं तर सुया सोडा, कुठून तरी हवा चोरून आत येतेय ते शोधा. मी एकदा अख्खी सकाळ सुया फिरवत बसलो होतो आणि फट होती कार्बोरेटरच्या बुडाशी.

ऊन चढलं. क्रिकेटवाले आले. सकाळी दहा-बारा अंश होते ते दुपारी तिशीकडे जातील. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच पोकळीत प्राणवायू कमी. सकाळी नेमकी बसलेली सुई दुपारी जरा रिच वाटेल, आवाज जाड होईल. तो झाला तर होऊ द्या. धोका उलट्या बाजूला आहे: भर दुपारी धारदार लावलेली सुई तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जड हवेत पळवणं. घाट उतरून मुंबईला नेलात तरी तसंच, समुद्रसपाटीची हवा दाट, सुई थोडी उघडावी लागते. महाबळेश्वरला उलट. कालची सुई कालच्या हवेची होती.

टाकीतलं उरलेलं इंधन जाळून संपवा. मिथेनॉल ओलावा शोषतं आणि बेअरिंगला गंज चढवतं, म्हणून प्लगच्या भोकातून वंगणाचे चार थेंब आत, आणि फ्लायव्हीलचे पाच-सहा फेरे हातानं. सकाळचं ते अडणं पुन्हा अंगठ्याला लागेल, आता ऊबदार. पिस्टन माथ्याशी सोडू नका. गार होताना आक्रसणारी नळी त्याला आवळून धरते. पिस्टन तळाशी असताना फ्लायव्हीलवर मार्करनं एक ठिपका काढा.

ठिपका खाली आला? आता फडकं घ्या आणि सायलेन्सरचं तोंड पुसा. पुसायच्या आधी बोट फिरवून बघा, चिकट लागतंय का ते.