वारा, नौका आणि फलत्याग

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्सपासून लुनेनबर्गपर्यंतच्या आखातांत, उन्हाळ्यात ज्या शिडाच्या नौका नांगर टाकून उभ्या असतात, त्यांपैकी काहींच्या पिछाडीस खांबावर लहानशी पवनचक्की फिरत असते. आणि तिची वीज बॅटरीत किती जाऊ द्यावी याचा अखत्यार ज्या यंत्राकडे असतो, त्या चार्ज रेग्युलेटरची निवड हा वरकरणी कारागिराचा मामला वाटला, तरी त्याग कशाचा करावा या आपल्याकडील पुरातन प्रश्नाशी तो थेट जाऊन भिडतो.

12 व्होल्टची शिसे व आम्ल यांची बॅटरी साधारणतः 14.4 व्होल्टपर्यंत भरून घेते. त्यापुढे वीज कोंबत राहिल्यास आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटू लागतो. सौर पॅनेलच्या बाबतीत उपाय सोपा आहे : जोडणी तोडावी, पॅनेल उन्हात निमूटपणे पडून राहते. पवनचक्कीचे तसे नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते. अशा वेळी सौर पॅनेलसाठी घडवलेल्या रेग्युलेटरने जोडणी तोडली, तर चक्कीला आवरून धरणारा भारच नाहीसा होऊन ती अनावर वेगाने फिरू लागते, व्होल्टेज भयंकर चढते, आणि रेग्युलेटर जळण्याची वा पाती मोडण्याची वेळ येते. म्हणून चक्कीसाठी योजलेला रेग्युलेटर आलेले नाकारीत नाही. बॅटरी भरल्यावर उरलेली वीज तो एका मोठ्या रोधकाकडे वळवतो आणि तेथे तिची उष्णता होऊन जाते.

नाकारणे आणि घेऊन सोडणे यांतील हाच भेद गीतेतही भेटतो. तिच्या अठराव्या अध्यायारंभी अर्जुन संन्यास आणि त्याग यांचे तत्त्व निरनिराळे सांगण्याची विनंती करतो. लोकमान्यांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या प्रश्नाचा निवाडा निःसंदिग्ध आहे : देहधाऱ्याला कर्म सुटत नाही, सोडावयाची ती फलाची आसक्ती. कर्मसंन्यास हाच श्रेष्ठ मार्ग मानणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु ज्याच्यावर संसाराचा, लोकांचा, काळाचा वारा अखंड वाहतो आहे, त्याने अंगावरचा भार टाकून दिला तर तो मुक्त न होता भरकटतो, असेच मला दिसते.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. थंड मुलखातील नाविकाला साहजिकच वाटते की उरलेल्या विजेवर पाणी तापवावे. वाया का घालवावी? विचार रास्त आहे. परंतु पाणी पुरेसे तापले की हीटरचा थर्मोस्टॅट जोडणी तोडतो, आणि वारा भरात असताना चक्की पुन्हा मोकळी सुटते. म्हणून पाण्याच्या हीटरमागे, कोणाच्याही गरजेवर अवलंबून नसलेला दुसरा रोधक ठेवावाच लागतो. दानाला घेणारा लागतो, त्यागाला लागत नाही. आणि ज्याचा त्याग घेणाऱ्याच्या कृतज्ञतेवर वा निकडीवर टेकलेला असतो, त्याच्याजवळ अपरिग्रहाची, म्हणजे गरजेपलीकडे साठा न धरण्याची, केवळ अर्धी तजवीज असते, हे आपल्या दानशूर म्हणवणाऱ्या संस्थांनीही ध्यानात घ्यावे.

मात्र अपरिग्रह म्हणजे रितेपण नव्हे. कॅनडाच्या हिवाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही, रिती मात्र उणे 10 च्या आसपास गोठून फुटू शकते. आपल्या धारणेपुरते भरून घेणे हे कर्तव्यच आहे. प्रश्न उरतो तो त्यापुढच्या विजेचा.

तेव्हा रेग्युलेटर घेणाऱ्याने विक्रेत्यास किमतीआधी एवढेच विचारावे : बॅटरी भरली आहे, पाणी तापले आहे आणि वारा वाढतोच आहे, तर आता वीज कोठे जाईल? रोधक चक्कीच्या कमाल शक्तीहून मोठा असावा, हवेशीर जागी लाकडापासून दूर बसवावा. आणि या प्रश्नाला ज्याच्यापाशी स्पष्ट उत्तर नसेल, त्याचा माल घेऊ नये.