जोडलेल्या फोटोचं खरं-खोटं

पिंपरी, भोसरी, चाकणच्या फोटो स्टुडिओंत एक काम नेहमी येतं. वडील वारलेले असतात. त्यांचा धड फोटो नसतो. असतो तो ओळखपत्रावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. तेवढा चेहरा कापून सुटाबुटातल्या दुसऱ्याच शरीरावर बसवतात आणि मुलाच्या लग्नाच्या फोटोत त्यांना सुनेशेजारी उभं करतात.

हे खोटं आहे का?

फोटोत बदल केला म्हणून तो खोटा, असं मला वाटत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी चित्रं टिपून ‘अंकुराची वाढ’ केली. कोंब तसा झरझर वाढताना कुणीच पाहिलेला नसतो, तरी त्यात खोटं काही नाही. अमेरिकेतला जेरी युल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीने मांडायचा, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवत न्यायचा. मग घराला झाडाची मुळं फुटायची, खोलीला छताऐवजी आकाश मिळायचं. फोटोशॉप आलं १९९० मध्ये. हा माणूस १९६०च्या दशकापासून हे करत होता. पण त्याच्या फोटोने कुणी फसत नाही. घराला मुळं फुटत नाहीत, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं.

लग्नाच्या फोटोत मात्र अशक्य काहीच दिसत नाही. सासरे सुनेशेजारी उभे राहतातच. आता तर फोनवर मिनिटभरात होणाऱ्या जोडकामात सांधाही सापडत नाही.

तरी भिंतीवर तो फोटो लावणारे फसलेले नसतात. त्यांना सगळं माहीत असतं, आणि माहीत असूनच तो त्यांना हवा असतो. फसणार आहे ती वीस वर्षांनंतरची नात. ती म्हणेल, आजोबा लग्नाला होते. तिला खरं सांगणारं तेव्हा कुणी असेलच असं नाही.

म्हणून मला वाटतं, फोटो जरूर जोडावा, पण फ्रेमच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: आजोबा लग्नाआधी गेले, त्यांना नंतर जोडलं आहे. यामुळे फोटोची माया कमी होईल, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. नुसता फोटो नातीला एवढंच सांगेल, की आजोबा हजर होते. त्या दोन ओळी सांगतील, की ते नव्हते आणि घरच्यांना ते किती हवे होते.