पाणी किती पिती?

गाडी अंगणात आली त्या संध्याकाळी तात्या बघायला आले. तात्या म्हणजे माझे चुलते. कळंब तालुक्यात चार एकर, बहुतेक कोरडवाहू. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, "चांगली हाय की. पाणी किती पिती?"

मला वाटलं ॲव्हरेज विचारतायत. म्हणालो, "लिटरला नऊ देते."

"ते पेट्रोलचं झालं. मी पाण्याचं इचारतोय."

रेडिएटर गळत होता. सोलापूरहून येताना दोनदा थांबून पाणी भरलं होतं. मी ते हसत सांगितलं. तात्या हसले नाहीत.

आता तुम्हाला सांगायला हवं, की दोन महिने आधी तात्यांनी मला फोन केला होता. बोअर पाडायची होती, पन्नास हजार कमी पडत होते. मी म्हणालो होतो, आत्ता जरा अडचण आहे. खोटं नव्हतं. गाडीसाठी जमवलेले १ लाख ६० हजार मी मनातल्या मनात वेगळे ठेवले होते. वेगळे ठेवलेले पैसे आपल्याला आपले वाटत नाहीत. ते आधीच खर्च झालेले असतात.

त्या दिवसापासून एक म्हण माझ्या डोक्यात अडकून बसली आहे: हौसेला मोल नाही. आपण ती कौतुकाने वापरतो. पण ती खरी आहे का?

आधी गाडीबद्दल. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, १९९६ची, नंबर एमएच-२५. मसल कारच्या व्हिडिओंखाली आपली मुलं अभिमानाने हिचं नाव लिहितात. खरं बघाल तर तो अभिमान जरा उसना आहे. १९६४ साली अमेरिकेत पॉन्टिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन घालून जीटीओ काढली, तिथून मसल कारचं वेड पसरलं असं मानतात. आपली कॉन्टेसा मूळची ब्रिटनची व्हॉक्सहॉल. तिकडे १९७८मध्ये बंद पडलेलं मॉडेल इकडे १९८४मध्ये नवं म्हणून आलं, आणि सुरुवातीला त्यात ॲम्बॅसॅडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन होतं. म्हणजे शरीर पैलवानाचं आणि दम शाळकरी पोराचा. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कुठे ती पळायला लागली. माझी त्यातली. २००२च्या सुमारास उत्पादनच थांबलं.

तरीही लांब बॉनेट, चौकोनी छाती आणि मागे सरळ कापलेली डिकी बघितली की पोटात काहीतरी होतं. लहानपणी शहरात अशी एक होती. ती कलेक्टर ऑफिससमोरून गेली की आम्ही सायकली थांबवायचो. आज तेवढीच ताकद हवी तर साधी हॅचबॅक पुरते, आणि अस्सल हवी तर २०१६पासून काही काळ मस्टँगही भारतात रीतसर मिळत होती, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली. पण तिचं बॉनेट उघडून मी काय करणार? आत प्लॅस्टिकचं झाकण आणि लॅपटॉप लावायची जागा. लॅपटॉप मी रोज आठ तास लावतोच.

कॉन्टेसात हात घालता येतो. सांजा रस्त्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चाचांनी मला कार्बोरेटर उघडायला शिकवला. फ्लोट, नीडल, जेट. पितळेचे इवलेसे तुकडे रॉकेल नसल्यामुळे पेट्रोलमध्ये धुवायचे, फुंकर मारून भोक मोकळं करायचं. पॉइंटचं अंतर, टायमिंग, टॅपेट. सहा महिन्यांत मला आवाजावरून कळायला लागलं की कुठला सिलिंडर मिस मारतोय. ऑफिसात मी दहा वर्षं जुना कोड सांभाळतो. लिहिणारे सोडून गेलेले, कागदपत्रं नाहीत, आणि चालू आहे म्हणून कुणी हात लावत नाही. तिथे दुरुस्ती ही शिक्षा वाटते. इथे रविवारी तेच करताना वेळ कसा जातो कळत नाही.

म्हणून लोक जेव्हा म्हणायचे, "कशाला हा भंगार सांभाळतोस?", तेव्हा माझ्याकडे दोन उत्तरं तयार असायची.

पहिलं पर्यावरणाचं. नवी गाडी घडवायलाच काही टन कार्बन हवेत जातो. जुनी दुरुस्त करून वापरणं चांगलं. हा मुद्दा खरा आहे, पण तो माझा नाही. जो नवी न घेता जुनी चालवतो, त्याचा आहे. माझ्याकडे पुण्यात रोजची छोटी गाडी आहेच. कॉन्टेसा तिच्या बदल्यात नाही, तिच्यावर वाढीव आहे. गेल्या वर्षी ती १,४०० किलोमीटर फिरली. साधारण १५५ लिटर पेट्रोल, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. जग बुडवणारा आकडा नाही. पण हिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्यामुळे अर्धवट जळालेला विषारी धूर तसाच बाहेर येतो. तो कोण हुंगतं? मी महिन्यातून दोन दिवस. चाचा शेडमध्ये दिवसभर, माझ्यासारख्या सगळ्यांच्या गाड्यांचा.

दुसरं उत्तर जास्त लाडकं होतं. वस्तू सांभाळायला शिकणं हा संस्कार आहे. फेकून देण्याच्या काळात जपणं हे मूल्य आहे. हे तर मला अजूनही पटतं. पण त्यावर बोलताना मला तात्यांचा बैल आठवतो.

२०१३च्या दुष्काळात तात्यांकडे एक म्हातारा बैल होता. औताला चालत नव्हता. जोडीदार आधीच विकला होता, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर. हिशेबाने त्या बैलाचा उपयोग शून्य. तरी तात्या त्याला घेऊन चारा छावणीत जाऊन राहिले. आम्ही पोरं डबा घेऊन जायचो. ताडपत्रीखाली झोपायचे, सकाळी पेंढीसाठी रांगेत उभे राहायचे. त्या वर्षीच्या पोळ्याला त्या निकामी बैलाची खांदेमळणी झाली. जूच नाही तो खांदा त्यांनी हळद-तुपाने चोळला. आई म्हणाली होती, "भाऊजींचा जीव गुंतलाय."

म्हणजे निरुपयोगी गोष्टीवर जीव लावणं ही काही माझ्या पगारातून आलेली चैन नाही. तात्यांनीही तेच केलं. मग फरक कुठे आहे?

बरेच दिवस विचार केल्यावर मला एकच फरक दिसतो. तात्यांच्या मायेचं मोल तात्यांनी भरलं: झोप, पाठ, रांगेतले तास. छावणीचा चारा सरकारी होता, हे खरं. पण सोबतीला गेले ते स्वतः. माझ्या मायेचं मोल मी भरलं असं मला वाटत होतं, कारण पावत्या माझ्या नावावर होत्या. पण तात्यांनी ते पन्नास हजार शेवटी शेकडा तीनने उचलले. महिन्याला दीड हजार व्याज, चौदा महिने. एकवीस हजार रुपये. माझ्या कॉन्टेसाच्या किमतीत हा आकडा कुठल्याच पावतीवर नाही. तो त्यांनी भरला, मला न सांगता. मला तो पप्पांकडून कळला.

तेव्हा म्हण अर्धवट आहे. हौसेला मोल असतं, नेहमीच असतं. प्रश्न एवढाच की ते कोण भरतं.

हा प्रश्न एकदा विचारला की थांबत नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांचं रबर त्याला टिकत नाही. माझे पाइप फुगले, मी इथेनॉल सोसणारे नवे टाकले आणि आठवडाभर सरकारच्या नावाने बोटं मोडली. मग एकदा हिशेब केला. १५५ लिटरमध्ये इथेनॉल ३१ लिटर. ते मक्याचं असेल, तांदळाचं असेल, उसाचंही असेल; टाकीत वेगळं ओळखू येत नाही. पण ऊस म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. वर्षभराहून जास्त काळ रानात उभा राहून पाणी ओढणारं पीक, तेही जिथे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो तिथे. तात्यांना इथेनॉलचं काही माहीत नव्हतं. तरी त्यांचा प्रश्न शब्दशः बरोबर निघाला. गाडी पाणी पिते. रेडिएटरमधून कमी, टाकीतून जास्त.

मग विकून टाकायची का? एका मित्राने असंच विचारलं. विकली तर ती दुसऱ्याच्या अंगणात तोच धूर सोडेल. माझं मन तेवढं स्वच्छ होईल. भंगारात दिली तर चाचांकडून शिकलेलं हातातून जाईल. आणि खरं सांगायचं तर मला ती विकायची नाही. नैतिक प्रश्नात 'मला नको वाटतं' हे उत्तर नसतं, पण ते लपवून दिलेलं कुठलंच उत्तर प्रामाणिक नसतं.

मी एवढंच केलं. सावकाराची मुद्दल मी फेडली. व्याजाचे पैसे तात्यांनी घेतले नाहीत. "ते माझं मी भरलंय," म्हणाले. त्यावर मी वाद घातला नाही. गाडी धुणं बंद, ओल्या फडक्याने पुसणं सुरू. शेडला चाचांच्या बाजूने एक्झॉस्ट फॅन लावून दिला. ट्यूनिंग वेळेवर करतो. आणि एक वही केली, दोन रकान्यांची. पहिल्यात मी काय भरलं, दुसऱ्यात इतरांनी काय भरलं. पहिला भराभर भरतो. दुसऱ्यात लिहायला बसलं की पेन अडतं. वही म्हणजे पापक्षालन नाही, हे मला कळतं. पण जे लिहिलं जात नाही ते फुकट वाटायला लागतं, एवढं मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे.

गेल्या मे महिन्यात तात्या आपणहून म्हणाले, "चल, येडशीपर्यंत फिरवून आण." काचा खाली, कोपर बाहेर, डोक्याला उपरणं. येडशीच्या अलीकडे काटा वर चढला. गाडी लिंबाखाली घेतली, बॉनेट उघडलं. कॅनमधलं पाणी मी घरीच विसरलो होतो. तात्यांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि झाकणाकडे हात नेला.

"थांबा तात्या, आधी गार होऊ द्या. वाफ येईल अंगावर."

अर्धा तास आम्ही सावलीत बसून राहिलो. पावसाबद्दल बोललो, बोअरबद्दल बोललो. दोनशे ऐंशी फुटांवर लागलेलं पाणी अजून टिकून आहे. मग त्यांनी बाटली रेडिएटरमध्ये रिकामी केली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि म्हणाले, "पिली बग."

रात्री वही उघडली. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: पाणी, एक लिटर, तात्यांचं.