सव्वासहानंतरचं भंडारा

भंडाऱ्यात नवा माणूस बदलून आला की ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "राहणार की अप-डाऊन?" विचारणाऱ्याला उत्तर बहुधा माहीत असतं. नागपूर साठ-बासष्ट किलोमीटरवर आहे. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न नंबरचा हायवे चौपदरी आहे. रेल्वेही आहे. मग इथे खोली कोण करणार?

भंडाऱ्याला नोकरी असलेला माणूस नागपुरात घर कुठे शोधतो, हे बघण्यासारखं असतं. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर हे भाग कितीही आवडले तरी तो तिकडे फिरकत नाही. पारडी, वर्धमाननगर, नंदनवन, वाठोडा, असं शहराच्या पूर्व अंगालाच बघतो. सकाळी शहराच्या पश्चिमेकडून गर्दी कापत पारडीपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पारडीहून निघालेला माणूस मौद्याच्या जवळ पोचलेला असतो. रेल्वेने जाणारा इतवारी नाहीतर कामठी स्टेशनच्या आसपास घर घेतो आणि एमएसटी, म्हणजे महिन्याचा पास, काढतो. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून शहर दहा-बारा किलोमीटर. म्हणून नियमित जाणारे दोन दुचाक्या ठेवतात, एक नागपूरच्या स्टेशनवर आणि एक वरठीच्या स्टँडवर. घराचा हप्ता, दोन गाड्यांचं पेट्रोल, पास आणि स्टँडचं भाडं असा सगळा हिशेब मांडून माणूस घर ठरवतो. खिडकीतून काय दिसतं, शेजारी कोण आहे, हे प्रश्न त्या हिशेबात फार मागे पडतात.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, वाहतूक अभ्यासक याकोव झहावी यांच्या कामाच्या आधाराने, एक ठोकताळा मांडला. माणूस पायी चालो, बैलगाडीत बसो की मोटारीत, दिवसाला साधारण एक तासच जाण्यायेण्यावर घालवतो. वाहन वेगवान झालं की वाचलेला वेळ तो घरी बसून काढत नाही, तेवढाच लांब राहायला जातो. भंडाऱ्याच्या बाबतीत हे अर्धं खरं ठरलं. हायवे दुपदरी होता तेव्हा नागपूरहून रोज येणं अंगावर यायचं. तेव्हा बदलून आलेले मास्तर, कारकून, नायब तहसीलदार गावात खोली करून राहत. त्यांची मुलं इथल्याच शाळेत जात, बायका इथल्याच बाजारात भाव करत, संध्याकाळी खांब तलावाकडे चक्कर होई. रस्ता चौपदरी झाला तशी ही माणसं एकेक करून नागपूरला राहायला गेली. रस्त्याने भंडारा नागपूरच्या जवळ आणलं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याने भंडाऱ्यात काम करणाऱ्यांची घरं भंडाऱ्यापासून लांब नेली.

ठोकताळ्याचा उरलेला अर्धा भाग मात्र इथे लागू पडत नाही. ही माणसं तासावर थांबलेली नाहीत. जाऊन-येऊन अडीच-तीन तास सहज जातात. जिला मार्केटी माणसाची जुनी मर्यादा म्हणतात, तिच्या दुप्पट-तिप्पट प्रवास लोक आपणहून पत्करतात. याचा अर्थ एवढाच की नागपूरची ओढ फार मोठी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय यांना दोष देता येत नाही.

अप-डाऊनचा परिणाम नेमका कुठे होतो, तो एका गाडीत बसून बघावा. चार-पाच जण मिळून गाडी करतात. एक जण चालवतो, बाकीचे महिन्याचे पैसे भरतात. सीट ठरलेली असते. सकाळी पारडीच्या पुलाखाली कोण कुठे उभं राहणार, तेही ठरलेलं. संध्याकाळी भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात गाडी अमुक वाजता येणार आणि कुणासाठी फार थांबणार नाही. माणसं भली असतात, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात. पण पाच जणांची पाच ऑफिसं असतात आणि गाडी एकच. ज्याचं काम सगळ्यात आधी संपतं, त्याच्या वेळेवर हळूहळू सगळ्यांची वेळ येते. सरकारी ऑफिस सुटण्याची वेळ, पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर आल्यापासून, सव्वासहा आहे. पण साडेपाचला सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी आलेल्या शेतकऱ्याला शिपाई सांगतो, "साहेब निघाले जी, उद्या या." तो शेतकरी आंधळगावकडून किंवा अड्याळकडून आलेला असतो. त्याचा उद्या म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं किंवा काळीपिवळीचं भाडं. साहेबांचा पाऊण तास वाचवायला त्याचा अख्खा दिवस जातो, आणि त्या पाच जणांपैकी कुणीही हे ठरवून केलेलं नसतं. गाडीच्या वेळेने ते परस्पर होऊन जातं.

१ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला. सालेकसा, देवरी, आमगावच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी भंडाऱ्यापर्यंत यावं लागायचं, ते अंतर कमी करण्यासाठीच हा जिल्हा हवा होता, आणि ते रास्तच होतं. कचेऱ्या लोकांच्या जवळ आल्या. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत कचेरीत बसणारी माणसं लोकांपासून लांब राहायला गेली. इमारत जवळ आली एवढ्याने कारभार जवळ येत नाही, हे आपण हिशेबात धरलंच नाही.

आणि हे केवळ नागपूरचं आणि भंडाऱ्याचं नाही. लाखांदूरच्या, पवनीच्या, साकोलीच्या शाळांतले कितीतरी शिक्षक भंडाऱ्यात राहून अप-डाऊन करतात. बायको तुमसर तालुक्यात, नवरा लाखांदूर तालुक्यात, मग दोघांनी राहायचं कुठे? मधे भंडारा. नागपूर जे भंडाऱ्याचं करतं, तेच भंडारा लाखांदूरचं करतं. साखळीच्या शेवटच्या टोकाला जे खेडं आहे त्याच्या वाट्याला शाळा सुटल्याची घंटा वाजल्यावर एकही शिकलेला पगारदार माणूस उरत नाही.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावं असा नियम आहे. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने तर, कर्मचारी मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागायला सुरुवात केली. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षकांच्या घरभाडे भत्त्यावर बोट ठेवलं आणि राज्यभर शिक्षक चिडले. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, त्यात घर हा विषय कमी आणि भत्ता जास्त होता. म्हणून त्यातून काही निघालं नाही.

भत्त्याचा हिशेब एकदा नीट बघितला पाहिजे. घरभाडे भत्ता नेमणुकीच्या जागेवरून ठरतो. नागपूर वाय वर्गात येतं, आपली खेडी झेड वर्गात, म्हणजे सगळ्यात खालच्या दराला. खेड्यात नेमणूक असलेला शिक्षक खेड्याच्या दराने भत्ता घेतो, नागपूरच्या दराने भाडं देतो आणि वर पेट्रोल जाळतो. या व्यवहारात तो कमवत नाही, गमावतो. लबाडी करून पैसे वाचवायचे असते तर त्याने उलट केलं असतं. मग तो हे का करतो? कारण गावात भाड्याने मिळण्याजोगं, संडास-बाथरूम आत असलेलं घर नसतं. कारण मुलगी आठवीत आहे आणि तिला पुढे विज्ञान घ्यायचंय. कारण आईचं डायलिसिस आहे. कारण बायकोची नोकरी नागपुरात आहे आणि दोघांपैकी एकाने तरी रोज प्रवास करायचाच आहे. यातलं एकही कारण ग्रामसभेच्या ठरावाने मिटत नाही. ठरावाने एवढंच होतं की सरपंच आणि मास्तर दोघांनाही एका खोट्या कागदावर सही करावी लागते. मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाला व्यवस्थेने दिलेली ही वागणूक मला अतिशय वाईट वाटते.

या प्रवासात त्याचंही जातं ते वेगळंच. स्विस अर्थशास्त्रज्ञ अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या वर्षानुवर्षांच्या पाहण्या तपासून २००८ मध्ये दाखवलं की लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगार किंवा चांगलं घर पुरती करत नाही. लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. घर निवडताना माणूस खोल्या मोजतो, रस्त्यावरचे तास त्याला तेव्हा जाणवत नाहीत. खोल्यांची सवय होऊन जाते, रस्त्याची होत नाही. डिसेंबर-जानेवारीत कन्हानच्या पुलाजवळ धुकं इतकं दाट असतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक समोर येतात. वाळूचे टिप्पर असतात. कोळशाच्या मालगाड्यांना वाट देत खातला नाहीतर थारसाला उभी राहिलेली पॅसेंजर असते. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोचवायचा म्हणून या मार्गावरच्या कितीतरी प्रवासी गाड्या रद्दच झाल्या. ज्याचं घर गाडीच्या भरवशावर ठरलेलं असतं, त्याला अशा वेळी दाद मागायला जागा नसते.

याच जिल्ह्यात दुसऱ्या तऱ्हेनेही विचार झालेला आहे. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर वसाहतही बांधली गेली. क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं तिथे राहिली. त्यांची मुलं इथे शिकली, मराठी बोलू लागली. ठाणा पेट्रोल पंपाजवळचं सगळं गाव त्या वसाहतीच्या आधाराने वाढलं. कामाजवळ राहण्याची एक किंमतही असते. २४ जानेवारी २०२५ ला निर्माणीत स्फोट झाला आणि कामगार गेले, तेव्हा आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत गेला. आसपासच्या घरांत त्या सकाळी कामावर गेलेलं कुणी ना कुणी होतं. जवळ राहणाऱ्यांचं दुःख त्या परिसराचं दुःख झालं. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण त्या कारखान्यात काय होतं याची चौकशी करणारी माणसं तिथेच राहतात.

भंडारा शहरात हेच कमी होत चाललंय. नळाला गढूळ पाणी आलं, शाळेत गणिताचा शिक्षक नाही, गल्लीतला दिवा बंद आहे, यासाठी नगरपालिकेत जाऊन दोन कागद लिहून देणारा, नियम माहीत असलेला, कुणाला न घाबरणारा माणूस लागतो. असा माणूस पगारदारांत मोठ्या संख्येने असतो. पण तो दिवसभर इथल्या फाइली निकालात काढून रात्री नागपूरच्या नळाचं पाणी पितो. इथल्या शाळा चांगल्या नाहीत म्हणून तो गेला, आणि तो गेला म्हणून शाळा चांगल्या करा असं म्हणणारा एक आवाज कमी झाला. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा शहरात शिरली. तेव्हा कोणत्या वस्तीत पाणी आधी चढतं, कोणत्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत, ही माहिती फाइलीत नव्हती. ती त्या वस्तीत राहणाऱ्यांनाच होती.

मी रस्त्यांच्या विरोधात नाही. "मेडिकलला न्या" असं सांगितल्यावर नागपूरला पेशंट घेऊन गेलेलं प्रत्येक घर चौपदरी रस्त्याला दुवा देतं, आणि बरोबर देतं. समृद्धी महामार्ग गोंदियाकडे वाढवायचे, भंडाऱ्याहून गडचिरोलीकडे नवा द्रुतगती मार्ग काढायचे बेत आहेत. नागपूर ते भंडारा रोड ब्रॉडगेज मेट्रोचीही घोषणा झालेली आहे. हे सगळं व्हावं. पण प्रत्येक प्रकल्पाच्या कागदात किती मिनिटं वाचतील याचाच आकडा असतो. त्या वाचलेल्या मिनिटांमुळे किती माणसं जिल्हा सोडून राहायला जातील, याचा अंदाज कुणी मांडत नाही. तो मांडणं कठीण नाही. गेल्या वीस वर्षांचा अनुभव समोर आहे. गोंदियाहून नागपूर दीड तासावर आलं की गोंदियाच्या कचेऱ्यांतही "राहणार की अप-डाऊन?" हाच प्रश्न विचारला जाईल.

म्हणून माझं लक्ष सध्या एका गोष्टीकडे लागलंय. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, त्यात भंडाऱ्याचंही आहे. या जिल्ह्याला इतकी वर्षं न मिळालेली गोष्ट आता हातात येतेय. प्राध्यापक येतील, निवासी डॉक्टर येतील, परिचारिका येतील, आणि पहिल्या आठवड्यातच प्रत्येक जण हिशेब मांडेल की पारडीला राहावं की भंडाऱ्यातल्या खात रोडला. तो हिशेब आपल्या बाजूने झुकवायचा असेल तर नियमाची भीती दाखवून काही होणार नाही. प्राध्यापकांची घरं कॉलेजच्या इमारतीबरोबरच बांधावी लागतील, नंतरच्या टप्प्यात ढकलून चालणार नाही. तिथे चालत जाण्याच्या अंतरावर बारावीपर्यंतची अशी शाळा लागेल, की डॉक्टरांच्या मुलांना आणि वॉर्डबॉयच्या मुलांना एकाच बाकावर बसून शिकता येईल. नवराबायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर दोघांची नेमणूक याच शहरात व्हायला हवी. या मागण्या इथल्या लोकप्रतिनिधींनी, आणि त्यांच्याआधी आपण भंडाऱ्यात राहणाऱ्यांनी, आत्ताच लावून धरल्या पाहिजेत. लोक एकदा पारडीला स्थिरावले, मुलं तिथल्या शाळेत बसली की त्यांना परत आणता येत नाही. रात्री अकराला एखाद्या बाळंतिणीला त्रास सुरू झाला, तर तिच्यापर्यंत पोचायला तिच्या डॉक्टरांना नागपूरच्या वाटेवरचा माथनीचा टोलनाका ओलांडावा लागू नये.